फॉन्टशिवाय नुसतं मॅटर पेस्ट करायचं कसं

माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान कोल्हापुरात राजारामपुरीत आहे. गणपती मंडळांची पावतीपुस्तकं संपतात न संपतात, तोवर दूध संस्था, सेवा सोसायट्या आणि पतसंस्थांचे सचिव दारात उभे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, म्हणजे त्याआधी अहवाल छापून सभासदांच्या घरी पोचायला हवा. सगळ्यांनाच घाई.

अशाच एका सप्टेंबरात करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव पेन ड्राइव्ह घेऊन आले. चोवीस पानांची वर्डची फाइल. म्हणाले, "मॅटर सगळं तयार हाय. तुमी निस्तं सेटिंग करून द्या. अर्ध्या तासाचं काम."

फाइल उघडली. चेअरमनांचं मनोगत व्हॉट्सॲपवरून उचललेलं, पशुखाद्याची माहिती कुठल्याशा वेबसाइटवरून, गेल्या वर्षीचा सभावृत्तांत जुन्या फॉन्टमधला, आकडे एक्सेलमधून आणलेले. पहिल्या पानावर मंगल फॉन्ट चौदा आकाराचा, दुसऱ्यावर निर्मला अकराचा, तिसऱ्यावर अक्षरांच्या मागे राखाडी पट्टा. एका परिच्छेदात दोन ओळींमधलं अंतर एवढं की मधून म्हैस जाईल. मी आपलं सगळं मॅटर निवडलं आणि एकच फॉन्ट लावून टाकला. त्यासरशी सभावृत्तांत फुटला.

"हे काय केलासा ओ? सगळं इंग्रजी झालं की!"

अर्ध्या तासाचं काम रात्री साडेदहाला उरकलं. त्या फाइलमधली निम्मी घाण पेस्ट करतानाच टाळता आली असती, आणि उरलेल्या निम्म्यासाठी पेस्ट करण्याआधी दोन मिनिटं थांबायला हवं होतं. दोन्ही गोष्टी क्रमाने सांगतो.

कॉपी केल्यावर नेमकं काय उचललं जातं

कंट्रोल-सी दाबलं की फक्त अक्षरं उचलली जातात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेवर, त्याच मजकुराच्या तीन-चार आवृत्त्या एकदम जाऊन बसतात. एक नुसत्या अक्षरांची, एक वेबपानाच्या भाषेत लिहिलेली, एक फॉन्ट-रंग-आकारासकटची. पेस्ट करताना समोरचा प्रोग्रॅम त्यातली आपल्याला झेपेल ती आवृत्ती घेतो. नोटपॅडला साधी अक्षरंच कळत आली आहेत, म्हणून तो साधी घेतो. वर्डला सगळंच कळतं, म्हणून तो फॉन्ट, रंग, मागचा पट्टा, लिंक, ओळींमधलं अंतर अशी सगळी वरात घेऊन येतो.

म्हणजे नवीन काही पुसायचं नसतं. साधी आवृत्ती तिथे आधीपासून असतेच, वर्डला फक्त तीच घे असं सांगायचं असतं.

वर्डमध्ये

वर्ड २०१० पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत चालणारी, आणि माझ्या हाताला बसलेली रीत ही. नेहमीसारखं कंट्रोल-व्ही करा. मजकुराच्या शेवटाशी एक छोटी चौकट दिसते, तिच्यावर कंट्रोल असं लिहिलेलं असतं. आता कंट्रोल एकदा दाबून सोडा, मग टी दाबा. फॉन्ट, रंग, पट्टे गळून पडतात आणि तुमचा कर्सर जिथे होता तिथल्या मजकुराचं रूप नव्या मजकुराला येतं. दोन बटणं एकदम दाबायची नाहीत, एकामागून एक. नवीन पोरं इथेच चुकतात.

माउस वापरणाऱ्यांनी उजवी क्लिक करावी. पेस्ट ऑप्शन्सखाली छोटी चित्रं येतात. त्यातल्या ज्या पॅडवर 'ए' अक्षर आहे ते म्हणजे 'कीप टेक्स्ट ओन्ली'.

वर्गणी भरून घेतलेल्या नव्या वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही थेट नुसतं मॅटर पेस्ट करतं. जुन्या वर्डमध्ये मात्र याच तीन बटणांना वेगळं काम होतं, एकीकडचं रूप उचलून दुसरीकडे लावण्याचं. त्यामुळे दाबूनही काहीच उमटलं नाही, तर कीबोर्ड बिघडलेला नाही, वर्ड जुना आहे.

जुन्या वर्डवाल्यांना आणखी एक वाट आहे. होम टॅबवर पेस्टच्या खालचा बाण, त्यात 'पेस्ट स्पेशल'. समोर यादी येते. तिच्यात 'अनफॉरमॅटेड टेक्स्ट' आणि 'अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट' अशा जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी असतात. मराठीसाठी युनिकोडवालीच घ्या. दुसरी घेतलीत तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येऊ शकते.

रोजचंच काम असेल तर प्रत्येक वेळी ही कसरत कशाला? फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड. तिथे खाली सरकलात की 'कट, कॉपी अँड पेस्ट' असा भाग येतो आणि त्यात पेस्टिंगच्या चार ओळी. दुसऱ्या प्रोग्रॅममधून येणाऱ्या मजकुरासाठीची ओळ, म्हणजे 'पेस्टिंग फ्रॉम अदर प्रोग्रॅम्स', तिच्यापुढे 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा. त्याच फाइलमधल्या पेस्टिंगची ओळ मात्र तशीच राहू द्या. नाहीतर स्वतःच नीट सजवलेलं शीर्षक खालच्या पानावर हलवताना ते नागडं होऊन उतरेल.

'मर्ज फॉरमॅटिंग' नावाचा मधला मार्गही आहे. पेस्ट केल्यावर कंट्रोल, मग एम. हा परका फॉन्ट आणि आकार टाकून देतो, पण मजकुरातले काही शब्द ठळक किंवा तिरके असतील तर तेवढे ठेवतो. शिवाजी विद्यापीठात पीएचडी करणारी मुलं येतात, त्यांत वनस्पतिशास्त्राच्या प्रबंधात झाडांची शास्त्रीय नावं तिरक्या अक्षरांत असतात. तिथे टी दाबलात तर दोनशे पानांतली नावं पुन्हा एकेक करून तिरकी करत बसावं लागेल. तिथे एम.

आपल्या घरचा फॉन्ट आधी ठरवा

नुसतं मॅटर पेस्ट केलं तरी "फॉन्ट परत भलताच आला" अशी तक्रार घेऊन लोक येतात. दोष पेस्टचा नसतो. कर्सर मोकळ्या जागी असेल तर साधा मजकूर त्या फाइलच्या 'नॉर्मल' स्टाइलचं, म्हणजे आधीच ठरलेलं रूप घेतो, आणि ती स्टाइल मराठीसाठी कुणी नीट लावलेलीच नसते.

होम टॅबवर 'नॉर्मल'वर उजवी क्लिक, 'मॉडिफाय', खाली डावीकडे 'फॉरमॅट', त्यात 'फॉन्ट'. मराठीचा कीबोर्ड किंवा भाषा संगणकात चालू केलेली असेल तर इथे फॉन्टचे दोन कप्पे दिसतात. वरचा 'लॅटिन टेक्स्ट', खालचा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार खालच्या कप्प्यातून येतो. वरच्या कप्प्यात कितीही चौदा-सोळा करा, मराठी जिथल्या तिथे. मी हे कळायच्या आधी कितीतरी दिवस वरचाच आकडा बदलत बसलो होतो.

एक ध्यानात ठेवा, सगळ्या फॉन्टचं बारा म्हणजे सारखं बारा नसतं. कोकिला त्याच आकड्याला मंगलपेक्षा बरीच बारीक दिसते. मंगल उलट ओळींमध्ये जास्त जागा खातो. फॉन्ट बदलला की पानांची संख्या बदलते, आणि छपाईचा दर पानावर असतो. तेव्हा हे सगळं आधी ठरवा, मग पेस्ट करायला घ्या.

इतर ठिकाणी

गुगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही. मोबाइलवर बोट दाबून धरलं की पेस्टच्या यादीत 'पेस्ट विदाउट फॉरमॅटिंग' किंवा 'पेस्ट ॲज प्लेन टेक्स्ट' मिळतं.

लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही. चार बटणं, बोटांची तालीमच. नाहीतर एडिट मेनूत 'पेस्ट अनफॉरमॅटेड टेक्स्ट' आहेच. तिथेही मराठीचा फॉन्ट वेगळ्या कप्प्यात असतो. टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या भागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची खूण केली की तो कप्पा दिसायला लागतो. मॅकवाल्यांनी ऑप्शन-शिफ्ट-कमांड-व्ही.

आणि काहीच जमलं नाही तर आपला नोटपॅड. तिथे पेस्ट करा, सगळं निवडा, परत कॉपी करा, मग हवं तिथे न्या. फाइल सेव्ह करायची गरज नाही. मी अजूनही घाईत हेच करतो, आणि दुकानातली पोरं हसतात.

काय हरवतं

नुसतं मॅटर म्हणजे नुसतं मॅटर. चित्रं गेली, तळटीपा गेल्या, लिंक गेल्या, ठळक-तिरकं गेलं. तक्ता मोडतो आणि त्यातले आकडे सुटे होऊन पडतात. म्हणून ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक एक्सेलमधून आणताना साधं पेस्ट वापरू नका. तिथे पेस्टच्या पर्यायांत 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' घ्या. तक्ता तक्ताच राहतो, रूप तुमच्या फाइलचं लागतं. चुकून साधं पेस्ट झालंच आणि आकड्यांच्या मधे टॅब राहिले असतील, तर ते निवडून इन्सर्ट, टेबल, 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल' केलं की घर परत उभं राहतं.

साध्या मजकुरातही राहणारी घाण

फॉन्ट गेला म्हणजे सगळं स्वच्छ झालं असं नाही. अक्षरांबरोबर न दिसणारी अक्षरंही येतात आणि ती कुठल्याही साध्या पेस्टने जात नाहीत. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-आठ दाबा, म्हणजे परिच्छेदाच्या खुणा, टॅब, मोकळ्या जागा सगळं डोळ्यांसमोर येईल.

पीडीएफमधून घेतलेल्या मजकुराला प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेदाची खूण असते. ते जोडायचं असं. आधी तेवढा भाग निवडा. कंट्रोल-एच दाबून शोधा-बदला उघडा. परिच्छेदाच्या खुणेसाठी शिफ्ट धरून सहा दाबल्यावर येणारी टोपी लिहायची आणि तिला चिकटून इंग्रजीतला लहान पी.

१. शोधायच्या रकान्यात ही टोपी-पी दोनदा लिहा, बदलायच्या रकान्यात मजकुरात कुठेच नसेल असं काहीतरी, उदाहरणार्थ तीन हॅश. खरे परिच्छेद जिथे मोकळी ओळ सोडून तुटलेत, तिथे ही खूण बसेल.

२. आता टोपी-पी एकदाच लिहून तिच्या जागी एक मोकळी जागा. तुटलेल्या ओळी जोडल्या जातील.

३. तीन हॅशच्या जागी टोपी-पी. खरे परिच्छेद परत सुटे.

४. दोन मोकळ्या जागांच्या ठिकाणी एक, असं बदललेले आकडे शून्य येईपर्यंत करत राहा.

मूळ पीडीएफमध्ये परिच्छेदांमधे मोकळी ओळच नसेल तर पहिली पायरी लागू पडत नाही. मग हातानेच. मराठी पीडीएफमध्ये आणखी एक दुखणं असतं: ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी किंवा भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरांच्या मधे मोकळी जागा येते. अशी दोन पानं दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने टाइप करणं स्वस्त पडतं, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतो.

व्हॉट्सॲपवरून एकापेक्षा जास्त मेसेज एकदम कॉपी केले की प्रत्येकाच्या पुढे तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव येतं. चार-पाचच मेसेज असतील तर एकेक करून कॉपी करा, ती शेपटी येणार नाही. ठळक केलेल्या शब्दांच्या दोन्ही बाजूंना तारांकन राहतं. ते शोधा-बदलाने उडवता येतं, पण 'यूज वाइल्डकार्ड्स'ची खूण काढलेली आहे ना ते आधी बघा. ती खूण असेल तर वर्डच्या लेखी तारांकन म्हणजे 'काहीही', आणि तारांकन उडवायला गेलात की मजकूरच साफ.

आणखी एक सावधगिरी. कुणी सांगतं, सगळी अदृश्य अक्षरं एकदम काढून टाका. मराठीत तसं करू नका. काही कीबोर्डवर टाइप केलेल्या 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतल्या अर्ध्या र साठी तिथे न दिसणारं जोडचिन्ह असतं. ते काढलंत तर 'दुसर्या' होतं, आणि प्रूफ वाचणारे गुरुजी तुमच्याकडे बघतात.

फाइल आधीच बिघडलेली असेल तर

बिघडलेला भाग निवडा. कंट्रोल-स्पेसने अक्षरांवरचा फॉन्ट, आकार, रंग जातो. कंट्रोल-क्यूने परिच्छेदाचं अंतर आणि मागची रंगपट्टी जाते. तरीही पिवळा किंवा हिरवा पट्टा राहिला, तर तो हायलाइटचा आहे. तो होम टॅबवरच्या हायलाइटच्या बाणातून 'नो कलर' केल्याशिवाय हलत नाही. गुगल डॉक्समध्ये कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ, लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल-एम. पण ही सगळी बटणं मूळ फाइलच्या कॉपीवर चालवा. कारण पुढे येतंय.

मध्यंतरी एक मुलगी घाबरीघुबरी आली. प्रबंधाचं ऋणनिर्देशाचं पान छपाईत कोरं येत होतं. स्क्रीनवरही कोरं. खाली शब्दांचा आकडा मात्र तीनशेच्या वर. काळ्या पार्श्वभूमीच्या साइटवरून मजकूर उचलला होता. तिथली पांढरी अक्षरं पांढरीच आली आणि पांढऱ्या पानावर बसली. सगळं निवडून कंट्रोल-स्पेस दाबलं, आई-वडिलांपासून ग्रंथपालापर्यंत सगळे हजर झाले.

जुना फॉन्ट: इथे साधं पेस्ट करू नका

आता त्या फुटलेल्या सभावृत्तांताकडे येतो. आत्तापर्यंत सांगितलेलं सगळं युनिकोड मराठीसाठी आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही लावा, 'क' हा 'क'च राहतो. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये तसं नव्हतं. तिथे संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच होती, फॉन्ट त्यांना मराठी चित्रं चढवायचा. कृतिदेवमध्ये 'कोल्हापूर' लिहिलं की फाइलच्या पोटात असतं डी, के, एस, मोठा वाय, जी, के, आय, डब्ल्यू, जे. डी म्हणजे क, के म्हणजे काना, एस म्हणजे मात्रा. ऱ्हस्व वेलांटी तर आधी टाइप करायची, अक्षर नंतर. फॉन्ट काढला की उरतात ती नऊ इंग्रजी अक्षरं.

म्हणजे अशा फाइलमध्ये फॉन्ट ही सजावट नसते. हे मराठी आहे याचा तेवढा एकच पुरावा असतो. आणि नेमका तोच आपण साध्या पेस्टने पुसतो. मधेमधे खरीखुरी इंग्रजी असेल, म्हणजे बँकेच्या शाखेचं नाव किंवा दुधाच्या फॅटचं परिमाण, तर पुसल्यानंतर कुठली अक्षरं इंग्रजी आणि कुठली मराठीची, हे जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरलाच काय, माणसालाही चटकन कळत नाही.

ओळखायचं सोपं आहे. मजकुरात कर्सर ठेवून वर फॉन्टचं नाव वाचा. शंका असेल तर एक ओळ निवडून तिला एरियल लावा. मराठी टिकली तर युनिकोड, इंग्रजी झाली तर जुना फॉन्ट. बघून झालं की कंट्रोल-झेड.

जुना निघाला तर तो भाग रूपासकट, म्हणजे 'कीप सोर्स फॉरमॅटिंग'ने, वेगळ्या फाइलमध्ये काढा. तिथे फॉन्टच्या नावावरून इंग्रजी शब्द शोधून त्यांना रंग द्या. मग नुसते मराठी तुकडे कन्व्हर्टरमध्ये घाला, आणि घालताना आपला फॉन्ट नावानिशी निवडा, कारण कृतिदेवचा तक्ता शिवाजीला चालत नाही. बाहेर आलेला युनिकोड मजकूर आता बेलाशक साधा पेस्ट करा. त्यानंतर जोडाक्षरं, रफार आणि वेलांट्या नजरेखालून घाला. कन्व्हर्टर अडखळतो तो तिथेच.

आकड्यांसाठी माझा कन्व्हर्टरवर भरवसा नाही. त्या रात्री सचिव गेल्या वर्षीचा छापील अहवाल मांडीवर घेऊन एकेक रक्कम मोठ्याने वाचत होते आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून "बरोबर" म्हणत होतो. राखीव निधीपाशी ते थांबले, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. एक शून्य कमी होतं. छापील अहवालात.